कोळशाचा मानाचा वाटा

ताश-केचू, १९ नोव्हेंबर
सकाळी आठ वाजता उणे चौदा, वारा उत्तरेचा, आभाळ झाकलेलं

सन्माननीय सोनुनबुबु विहीणबाई यांना नदीच्या अलीकडून साइराकानचा वाकून सलाम.

आपण बऱ्या आहात ना? गुडघे बरे आहेत ना? गाय बरी, वासरू बरं, गेल्या वर्षी भिंतीला गेलेली भेग आहे तेवढीच आहे ना? तालाय जावई आणि मीरगुल यांचे रशियातून फोन आपल्याला येत असतीलच. मला रविवारी येतात. आम्ही इकडे सुखात आहोत असं दोघंही सांगतात, आणि हल्ली इतक्या वेळा सांगतात की मी काळजी करायला लागले आहे. बांधकामं बंद पडली, मालक पगार पुढे ढकलतो, हे सगळं मला बाजारातून कळतं. पोटच्या पोरीकडून कळतं ते फक्त हवामान. (तेही चुकीचं. उणे आठ म्हणाली, रेडिओवर उणे एकोणीस होतं.) माझं विचाराल तर मी ठीक आहे. थकले आहे, पण थकवा हा काही आजार नाही, असं आमचा डॉक्टर म्हणतो, आणि तो माझ्याहून जास्त थकलेला दिसतो.

पत्र लिहायला उशीर झाला त्याची माफी असावी. आपण म्हणाल, सहा किलोमीटरवर राहणाऱ्या बाईला पत्र कशाला, यायचं होतं. खरं आहे. पण दोन विहिणी समोरासमोर बसल्या की चहा थंड होईपर्यंत फक्त एकमेकींच्या तब्येती विचारतात आणि मुद्द्याचं राहून जातं. शिवाय लग्नातल्या काही गोष्टी मनात येतात, त्या येऊ नयेत. (त्या कढईबद्दल मी या पत्रात अवाक्षर काढणार नाही, आपण निश्चिंत असा.)

तर मुख्य बातमी अशी की मी निधीच्या चिटणीसपदाचा राजीनामा दिला आहे. तिसऱ्यांदा. पहिल्या राजीनाम्याच्या पाठीवर कुणीतरी बटाट्यांचा हिशेब केला, दुसरा शेगडी पेटवायला गेला. आपल्याला ठाऊकच आहे, मी एकतीस वर्षं हवामान केंद्रावर थर्मामीटर वाचले. त्या कामाची गंमत अशी की थर्मामीटर आपल्याशी वाद घालत नाही, आपण त्याच्याशी घालत नाही, आणि संध्याकाळी घरी जाता येतं. निवृत्त झाल्यावर गावानं म्हटलं, साइराताईंचं अक्षर चांगलं आहे, त्यांना इन्तिमाक निधीचं, म्हणजे गावाच्या एकोप्याच्या निधीचं, चिटणीस करा. अक्षर वाईट काढायची बुद्धी मला वेळेवर झाली नाही.

निधी कसा चालतो ते आपण जाणताच, आपणही देणगीदार आहात. घरटी जमेल ते द्यायचं, दुकानात बरण्या ठेवायच्या, रशियात गेलेल्या पोरांनी पगारातून थोडं पाठवायचं, आणि त्यातून गावात जे लोक परोपकार करत बसलेत त्यांना हात द्यायचा. एक बुरमाकानचं स्वयंपाकघर, जिथे एकट्या पडलेल्या सव्वीस म्हाताऱ्यांना रोज दुपारी गरम जेवण मिळतं. दुसरी, चालता न येणाऱ्या मुलांची खोली, ती नुरजात मास्तरीण सांभाळते. तिसरी अक्सकालांची सभा, म्हणजे बारा पांढऱ्या दाढ्या महिन्यातून दोनदा जमतात आणि भांडणं मिटवतात. (नसली तर काढतात.) चार वर्षं बरी गेली. मग तिकडची कामं आटली, पोरांचे पैसे आटले, पिठाचा भाव मात्र चढत राहिला. बरण्यांत बटणं यायला लागली. गेल्या साली पैसा नाही म्हणून लोकांनी वस्तू दिल्या: जर्दाळूचा मुरंबा अकरा बरण्या, नमद्याची एक गुंडाळी, आणि आपण पाठवलेलं ते करडं घोडं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं तेव्हा सभेत कुणीतरी म्हणालं. मी नाही. मी आपलं नाव देणगीदारांच्या फळ्यावर सगळ्यांत वर लिहिलं आणि घोड्याला वर्षभर माझ्याच गोठ्यात बांधलं. ते खूप खातं, विहीणबाई. अगदी मनापासून खातं.

अशात ऑक्टोबरात मेलिस कोळसेवाला देवासारखा धावून आला. त्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. गावजेवणाऐवजी वडिलांच्या नावानं एक ट्रक कोळसा निधीला देतो म्हणाला, नव्वद पोती. वर एक मेंढा. अट एकच, वाटप वडिलांच्या नावाची दुआ मागून, जेवणाच्या पंगतीत व्हावं. आता नव्वद पोती म्हणजे या वर्षी आमच्यासाठी सोन्याची खाण. मी आनंदानं रडायची बाकी होते. वाटप कसं करायचं ते राजधानीतल्या एका संस्थेच्या बाई दोन वर्षांपूर्वी येऊन शिकवून गेल्या होत्या. गरजेचा तक्ता करायचा: माणसं किती, दिवस किती, खोली किती थंड, आणि त्याप्रमाणे गुण द्यायचे. थंडीचे गुण द्यायला माझ्याहून लायक बाई या खोऱ्यात नाही. मी तिन्ही जागी थर्मामीटर लावून आले. स्वयंपाकघराला एकेचाळीस गुण, मुलांच्या खोलीला तेहेतीस, अक्सकाल सभेला सात. त्या सातातले दोन मी शेगडी आहे म्हणून दिले आणि एक म्हातारपणाचा मान म्हणून.

पंगत माझ्याकडे होती. शैशेनबेक आबा अध्यक्ष, वय अठ्ठ्याहत्तर, गावातले सगळ्यांत वडील. आपल्या दिवंगत नवऱ्याचे ते शाळासोबती, आपण ओळखता. बाकी अक्सकाल, मेलिस, नुरजात, मी. बुरमाकान आतल्या बाजूला रस्सा बघत होती, कारण ती असली की दुसऱ्या कुणाला रस्सा बघू देत नाही. परात आली. आबांनी सुरी घेतली. आता मेंढा कसा वाटायचा हे कुणी आम्हाला शिकवायला नको: सगळ्यांत वडील त्याला जम्बाश, पुठ्ठ्याचं मानाचं हाड; मग वयाप्रमाणे उतरत उतरत, आणि शेवटी सुना-लेकींना छातीचा तुकडा. सगळं रीतसर झालं. मी खिशातून तक्ता काढला, चष्मा शोधायला लागले. (चष्मा डोक्यावर होता.) तेवढ्यात आबांनी हात पुसले आणि म्हणाले, "कोळसाही असाच. वडील आधी. सभा गावाएवढी जुनी, तिला पन्नास. मुलांची खोली नऊ वर्षांची, तिला पंचवीस. बुरमाकानची चूल परवाची, दोन हिवाळ्यांची, तिला पंधरा. मेलिसच्या बापाला स्वर्ग मिळो." आणि दुआ पुरी करायला त्यांनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले.

सगळ्यांनी फिरवले. विहीणबाई, मीही फिरवले. मेलिसच्या बापाला स्वर्ग मिळो याला मी नाही कशी म्हणणार होते? हात खाली येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की स्वर्गाबरोबर पन्नास पोतीही मंजूर झाली. आणि एकदा हात चेहऱ्यावरून गेले की ते परत कुणी मागे घेत नाही, हे आपल्या खोऱ्यातलं शेळीचं पिल्लूही जाणतं. राजधानीच्या बाईंनी तीन दिवस शिकवलं, पण दुआ आधी की तक्ता आधी, हे काही शिकवलं नव्हतं. मी तक्ता घडी करून परत खिशात घातला. आत रश्श्याचं पातेलं जरा जोरात आपटलं गेलं.

भांडी घासताना बुरमाकान एवढंच म्हणाली, "ताई, आमच्या वाट्याला सुनेचा तुकडा आला म्हणायचा." तिची जीभ तीन खोऱ्यांत प्रसिद्ध आहे, आपण तिला लग्नात ऐकली आहे. ती एवढं कमी बोलली तेव्हा मला खरी भीती वाटली. पंधरा पोती म्हणजे फार तर डिसेंबरचा मध्य. थंडी असते मार्च संपेपर्यंत. त्या सव्वीस जणांपैकी निम्म्यांच्या घरी चूल पेटतच नाही; ते दुपारी जेवतात, तिथेच शेगडीपाशी अंधार पडेपर्यंत बसतात आणि मग अंगातली ऊब घेऊन घरी झोपायला जातात. तिथली शेगडी विझली तर वसंतात यादीत सव्वीस नावं राहणार नाहीत. हे मी अंदाजानं सांगत नाही. एकतीस वर्षं मी उणे तापमानं लिहिली आहेत आणि त्याच वर्षांत कोणकोण गेलं तेही मला पाठ आहे.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी आबांकडे गेले. घरी नव्हते, सभेच्या खोलीत सापडले. पन्नास पोती भिंतीला ओळीनं लावलेली, शेगडी लाल झालेली, आणि आबा शेजारी एकटेच, अंगावर कोट, समोर किटली. मी तक्ता दाखवला. त्यांनी तो उलटा धरून पूर्ण वाचला. म्हणाले, "हात फिरले, साइराकान." मी म्हटलं, आबा, बारा माणसं, महिन्यातून दोनदा, पन्नास पोती, कोळसा खाणार आहात का? म्हणाले, "सभेची इभ्रत असते." मी चिडून बाहेर पडले. पडताना पाहिलं, शेगडीवर मोजे वाळत होते, आणि पुस्तकांच्या कपाटामागे रजईची घडी दिसत होती. मी मनात म्हटलं, बघा, म्हातारा कोळशावर पहारा करायला इथे झोपतो. आणि आणखी एक वाईट विचार केला, तोही सांगते, कारण थकलेल्या माणसाला स्वतःचे अपराध लपवायचाही कंटाळा येतो. माझी जुनी सवय आपल्याला माहीत आहे: रोज सकाळी आठला टेकडीवर चढून मी केंद्राच्या दुर्बिणीतून धूर बघते, कुठल्या घरचा सरळ, कुठल्या घरचा वाकडा. आबांच्या धुराड्यातून सप्टेंबरपासून धूर नव्हता. मी त्यावर 'कंजूष' असं लिहून मोकळी झाले होते. मनात लिहिलं होतं, पण माझं अक्षर चांगलं आहे.

तीन नोव्हेंबरला पहिला बर्फ पडला. अकराच्या सुमाराला बुरमाकान माझ्या गोठ्यात आली, मला न विचारता आपलं घोडं सोडलं आणि गाडीला जुंपलं. (पहिल्यांदाच काम बघून ते गोंधळलं, पण चाललं.) गाडीत रश्श्याचं पातेलं, पावाची पोती, वाडगे, आणि ज्यांना चालवत नाही असे चार जण. मागे बाकीचे बावीस, काठ्या टेकत. त्यांच्या मागे मी, राजीनामा कुठल्या शब्दांत लिहावा याचा विचार करत. मला वाटलं, झालं, आज निधी मोडला. अक्सकाल आणि बुरमाकान भर रस्त्यात भांडणार, गाव दोन भागांत वाटलं जाणार, आणि पुढच्या साली बरणीत कुणी बटणही टाकणार नाही.

सभेच्या दारात आबा उभे. बुरमाकाननं गाडी थांबवली. म्हणाली, "आबा, देवाचे पाहुणे आलोत. सव्वीस आहोत."

देवाचा पाहुणा म्हटल्यावर कोण काय बोलणार? न बोलावता आलेल्याला दारातून परत पाठवणारा माणूस ताश-केचूत अजून जन्मायचा आहे. तरी आबा हलले नाहीत. म्हणाले, "तुझा वाटा तुला दिलाय, पोरी."

"दिलात की. मी कुठे नाही म्हणते? पण जम्बाश ज्याला मिळतं त्यानं ते एकट्यानं संपवायचं नसतं. शेजारी बसलेल्याला तुकडा द्यायचा असतो. तर आम्ही शेजारी बसायला आलोय."

माझ्या मागे कुणीतरी खोकलं. आबांनी एकदा गाडीतल्या पातेल्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि बाजूला झाले. मला वाटलं, जिंकलो. पण तसं ते संपलं नाही. कान्यशाय आजी आत गेल्या, ज्यांना डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार कळतो आणि कानांनी तेवढंही नाही. शेगडीच्या उबेनं कपाटापर्यंत चाचपडत पोचल्या, बसायला काही मिळतंय का म्हणून मागे हात घातला आणि रजई ओढली. रजईबरोबर एक उशी आली. त्यांनी उशीवर बोटं फिरवली, भरतकाम ओळखलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "ही तर आपल्या आइनाची उशी. ही इथे कशी?"

आइना म्हणजे आबांची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मी त्या मोज्यांकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं, आणि धूर नसलेलं ते धुराडं माझ्या डोळ्यांपुढे आलं. माणूस पहारा करत नव्हता, विहीणबाई, राहत होता. नंतर कळलं, मुलाचा पाच महिने फोन नाही, पैसे नाहीत. गाय विकली, घरचा कोळसा उन्हाळ्यात विकून पीठ आणलं. बुरमाकानच्या यादीवर नाव घालायचं तर ती एकट्या पडलेल्यांची यादी, आणि मुलगा असलेल्या माणसानं त्या यादीवर जायचं म्हणजे मुलगा नाही असं गावाला सांगायचं. त्यापेक्षा सभेची इभ्रत सांगून पन्नास पोती घेणं त्यांना सोपं वाटलं. मला फार लाज वाटली. निधीच्या तिन्ही जागांची थंडी मी मोजली होती, पण त्या एका घरी थर्मामीटर लावला नव्हता, कारण तिथे राहणारा माणूस आमचा अध्यक्ष होता.

आबा दाराकडे तोंड करून उभे होते. त्यांची मान आतल्या बाजूला वळत नव्हती. तेव्हा बुरमाकाननं, तिचं भलं होवो, पळी भरून रस्सा घेतला आणि त्यांच्यापुढे धरला. "आबा, मीठ बघा जरा. यजमानानं आधी चव घ्यायची असते, आम्ही किती वेळ ताटकळायचं?"

त्यांनी पळी घेतली. सावकाश प्यायले. म्हणाले, "कमी आहे."

"असणारच. तुम्ही होतात कुठे बघायला?" असं म्हणून तिनं मीठ टाकलं, आणि सगळे बसले. मी बाहेर घोड्याला बांधायला गेले आणि तिथे थोडा वेळ थांबले. उणे सहामध्ये डोळ्यांतलं पाणी गोठत नाही, एवढी शास्त्रीय नोंद मी तिथे केली.

तेव्हापासून स्वयंपाकघर सभेच्या खोलीतच आहे. तिचा पंधरा पोत्यांचा वाटाही तिथेच आणून लावला. एकाच शेगडीला पासष्ट पोती, मार्च निघतो. एकट्या पडलेल्यांची यादी आबांनी शेगडीत टाकली. यादी नको म्हणाले, जो येईल तो पाहुणा. ते दारात उभे राहून प्रत्येकाला या म्हणतात, आणि मिठाबद्दल बुरमाकानशी रोज भांडतात. दोघांचीही तब्येत सुधारली आहे. उरलेले अकरा अक्सकाल आधी रागावले, मग सभेची इभ्रत राखायला रोज दुपारी येऊन बसायला लागले. त्यातल्या किती जणांचं धुराडं थंड आहे ते मी आता दुर्बिणीतून बघते, पण त्यावर मनात काही लिहीत नाही. राजधानीच्या बाईंचा फोन आला होता, वाटप गुणांप्रमाणे झालं का म्हणून. मी म्हटलं, हो, फक्त कोळशाऐवजी आम्ही माणसं हलवली. त्या म्हणाल्या, तक्त्यात हे कुठल्या रकान्यात येतं? मी म्हटलं, बाई, मी राजीनामा दिलेला आहे.

असो. फार लांबलं. आपण सुखात असा, गुरं सुखात असोत, आपल्या घरावर कायम सावली राहो. चुकलंमाकलं माफ करावं.

आपली विहीण,
साइराकान

ता. क. एक अगदी किरकोळ गोष्ट, पत्रात मांडण्याजोगीही नाही. आता दुपारी जेवायला चाळीस माणसं होतात आणि बुरमाकानचं पातेलं पंचविसाचं. दोनदा शिजवावं लागतं. दुसऱ्या पंगतीचे म्हातारे तीन वाजेपर्यंत पहिल्या पंगतीच्या तोंडाकडे बघत बसतात. त्यावरून मला अचानक आठवलं, सात वर्षांपूर्वी लग्नात आमच्याकडून एक ओतीव लोखंडाची मोठी कढई आपल्याकडे आली होती. आपण ती आहेर समजलात. मी ती उसनी समजले होते. सात वर्षांत मी कधी बोलले का? मीरगुलला फक्त चार-पाचदा म्हटलं असेल.

आणखी ता. क. आणायची सोय आपण करू नये. शुक्रवारी सकाळी आपलंच घोडं गाडीसकट आपल्याकडे पाठवते, बरोबर शैशेनबेक आबा येतील. कढई जड आणि रस्ता खडबडीत. गाडीत कुणी धरून बसल्याशिवाय ती राहणार नाही. आबांना लगाम धरायचा असतो, तेव्हा आपणच बसावं. रजई बरोबर घ्यावी. गाय-वासरूही मागे बांधून आणावं. गोठ्यात जागा आहे, घोडं सरकेल.

शेवटची ता. क. मीरगुल म्हणते, आपण तिला फोनवर रोज सांगता की आज मोमो केले, आज नूडल्स केल्या, घर कसं उबदार आहे. मी तिला काही बोलले नाही. पण टेकडीवरून नदीपलीकडचंही दिसतं, विहीणबाई, आणि आपल्या धुराड्यातून नऊ तारखेपासून धूर नाही. रागावू नका. माझ्याही धुराड्यातून नाही. मी चार तारखेपासून सभेच्या खोलीतच जेवते, पहिल्या पंगतीला, आणि मीरगुलला सांगते की मी कामासाठी जाते. आपणही तिला कढई पोचवायला गेले होते असं सांगा. कढई नक्की कुणाची ते शेगडीपाशी बसून ठरवू. घाई नाही, थंडी मार्चपर्यंत आहे.